पायी पुणे : शनिवारवाडा ते मंडई

• शनिवारवाडा : पायाभरणी १० जानेवारी १७३०, वास्तुशांत १७३२. पाच दरवाजे. उत्तरेच्या दिल्ली दरवाजावर हत्तींची धडक थोपवणारे अणकुचीदार खिळे. ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर. १८२८च्या आगीत आतला लाकडी वाडा जळाला. उरले तट, बुरूज, जोती आणि हजारी कारंजाचा हौद.

• लाल महाल : शाइस्तेखानावरचा छापा १६६३चा, आजची इमारत मात्र विसाव्या शतकातली.

• कसबा गणपती : ग्रामदैवत. विसर्जन मिरवणुकीत पहिला मान.

• महात्मा फुले मंडई : १८८६. मूळ नाव रे मार्केट. मधला मनोरा अष्टकोनी.

• खाणं : पुणेरी मिसळीत पोहेही असतात. मस्तानी म्हणजे दाट दूध, वर आइस्क्रीमचा गोळा. नाव पेशवाईतलं, पेय तेवढं जुनं नाही.