छापून आल्यानंतर निबंधाचे काय होते?
गणिताचा शोधनिबंध : लेखांक ७

मागच्या लेखांकात निबंध संपादकाकडून परीक्षकांकडे कसा जातो, शेरे कसे येतात आणि दुरुस्त्या करून तो स्वीकारला कसा जातो, हे पाहिले. आपल्याकडे बहुतेक संशोधक तिथेच थांबतात. नियतकालिकाचे नाव, खंड आणि पृष्ठक्रमांक नोंदवले की काम संपले, असे मानले जाते. गणितात मात्र निबंधाची खरी परीक्षा छपाईनंतर सुरू होते आणि ती वर्षानुवर्षे चालते. ती कशी चालते, हे आज आपल्याच भागातल्या एका उदाहरणावरून पाहू.

अहमदपूर आज लातूर जिल्ह्यात आहे. १९८२ मध्ये लातूर वेगळा होईपर्यंत तो आपल्या उस्मानाबाद जिल्ह्याचाच तालुका होता. या अहमदपुरात राहून बापूराव ढगे यांनी स्थिरबिंदू सिद्धान्तात अनेक दशके काम केले आणि देशोदेशीच्या नियतकालिकांत निबंध छापले. एखादा नियम बाकीच्या बिंदूंना हलवतो, पण ज्या बिंदूला जागचा हलवू शकत नाही, तो स्थिरबिंदू. समीकरणाला उत्तर आहे की नाही, हा प्रश्न पुष्कळदा असा बिंदू सापडतो का, या प्रश्नात बदलता येतो. म्हणून या विषयाला एवढे महत्त्व.

असे प्रमेय मांडायचे तर आधी अंतर मोजण्याची रीत ठरवावी लागते. नेहमीचे अंतर दोन बिंदूंमध्ये असते. १९६३ मध्ये जर्मन गणिती गेलर यांनी तीन बिंदूंना मिळून एक संख्या देण्याची कल्पना मांडली. त्यांच्यासमोर त्रिकोणाचे क्षेत्रफळ होते. ढगे यांनी क्षेत्रफळाच्या जागी परिमितीचा विचार केला. १९८४ च्या मराठवाडा विद्यापीठातील प्रबंधापासून सुरू झालेले हे काम १९९२ मध्ये कोलकात्याच्या ‘बुलेटिन ऑफ द कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटी’मध्ये प्रसिद्ध झाले. या नव्या मापनाला त्यांनी डी-मेट्रिक हे नाव दिले.

त्याचा मुख्य नियम गावांवरून समजून घेऊ. धाराशिव, तुळजापूर आणि कळंब ही तीन ठिकाणे घ्या. चौथे येडशी. मूळ त्रिकोणाची परिमिती ही, येडशी आणि उरलेल्यांपैकी दोन-दोन गावे घेऊन होणाऱ्या तीन त्रिकोणांच्या परिमितींच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. चौथे ठिकाण कोणतेही घेतले तरी हे खरे आहे आणि डी-मेट्रिकने नेमकी हीच अट स्वीकारली.

यावरून आणखी दोन गोष्टी मिळतात, असे ढगे यांच्या लेखनात मांडले गेले. एक, या मापनातून बिंदूंच्या जवळिकीची सुसंगत रचना, म्हणजे टोपोलॉजी, तयार होते. दोन, बिंदू थोडा सरकला तर मापनही थोडेच बदलते, म्हणजेच ते संतत आहे. पुढे या विषयावर अनेकांनी निबंध लिहिले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी ही दोन विधाने सिद्ध झालेली आहेत असे धरून पुढची प्रमेये रचली.

२००३ च्या जुलैमध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे स्थिरबिंदू सिद्धान्तावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिच्या इतिवृत्तात मुस्तफा आणि सिम्स यांचा छोटा निबंध आहे. ही दोन्ही विधाने सर्वसाधारणपणे खरी नाहीत, हे त्यांनी प्रतिउदाहरणे देऊन दाखवले. त्याच सुमारास आपल्याकडील नायडू, राव आणि श्रीनिवास राव यांनीही स्वतंत्र निबंधांतून त्याच दुखण्यावर बोट ठेवले.

चूक नेमकी कुठे होती, हे कागद-पेन्सिल घेऊन पाहता येते. एक माणूस तुळजापूरच्या अधिकाधिक जवळ येत आहे असे समजा. माणूस, धाराशिव आणि कळंब यांची परिमिती हळूहळू तुळजापूर, धाराशिव आणि कळंब यांच्या परिमितीकडे यायला हवी. वरचा नियम तुळजापूर चौथे ठिकाण धरून लावला, तर उजव्या बाजूला तीन पदे येतात : माणूस-तुळजापूर-धाराशिव, माणूस-तुळजापूर-कळंब आणि तुळजापूर-धाराशिव-कळंब. तिसरे पद हवे तेच आहे. पण पहिली दोन शून्याकडे जात नाहीत. माणूस तुळजापुरात पोचला तरी पहिले पद तुळजापूर-धाराशिव अंतराच्या दुप्पट उरते, दुसरेही तुळजापूर-कळंब अंतराच्या दुप्पट. म्हणजे या नियमातून संततता निघत नाही. खऱ्या गावांच्या परिमितीला दुसऱ्या कारणाने संततता असते, पण फक्त हा नियम पाळणाऱ्या कोणत्याही मापनाला ती असेलच, असे म्हणता येत नाही.

२००६ मध्ये मुस्तफा आणि सिम्स यांनी दुरुस्तीही सुचवली. तिला जी-मेट्रिक म्हणतात. तिच्या नियमात एक पद असे असते, ज्यात त्रिकोणाचे दोन कोपरे एकाच ठिकाणी येतात : माणूस, तुळजापूर आणि पुन्हा तुळजापूर. माणूस जवळ आला की हे पद शून्याकडे जाते, आणि अडलेली सिद्धता पुढे सरकते. या निबंधातही ढगे यांच्या कामाची दखल आहे. गोष्ट तिथेही संपली नाही. २०१२ मध्ये जलेली आणि समेत यांनी दाखवले की जी-मेट्रिकमधली अनेक स्थिरबिंदू प्रमेये नेहमीच्या दोन बिंदूंच्या अंतराच्या जुन्या प्रमेयांतूनच मिळतात.

या सगळ्या क्रमात मला कोणाचाही पराभव दिसत नाही. अहमदपुरातून एक कल्पना निघाली, ती जगभर वाचली गेली, तपासली गेली, दुरुस्त झाली आणि तिच्यापासून नवा प्रश्न निघाला. बानाख बीजगणितांमधील ढगे यांची स्थिरबिंदू प्रमेये आजही समाकल समीकरणांवर काम करणारे संशोधक वापरतात. ज्याचे लेखन तपासावेसे वाटते, त्याचे लेखन विषयात जिवंत असते.

मला चिंता वाटते ती १९९२ ते २००३ या मधल्या अकरा वर्षांची. टोपोलॉजी आणि संततता यांची ती विधाने गृहीत धरून जे निबंध छापले गेले, त्यांच्या लेखकांपैकी किती जणांनी मूळ सिद्धता ओळीओळीने वाचली असेल? परीक्षक मानधनाशिवाय, आपल्या कामातून वेळ काढून निबंध पाहतात. लेखकाने ‘हे आधीच सिद्ध झाले आहे’ म्हणून संदर्भ दिला, तर ते बहुधा त्यावर विश्वास ठेवतात. म्हणून संदर्भातल्या प्रमेयाची जबाबदारी ते वापरणाऱ्याची आहे. पदोन्नतीसाठी निबंधांची संख्या मोजली जाते, तेव्हा ही जबाबदारी टाळण्याचा मोह वाढतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत पीएच.डी.पूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढून टाकली. त्यामुळे तरी तरुण संशोधकांनी घाईऐवजी खोलीला वेळ द्यावा.

विद्यापीठाच्या धाराशिव उपकेंद्रात किंवा तुळजापूर, उमरगा, कळंब येथील महाविद्यालयांत गणित शिकणाऱ्यांना तीन गोष्टी आग्रहाने सांगतो. ज्या प्रमेयावर तुमचा निबंध उभा आहे, त्याची सिद्धता स्वतःच्या हाताने लिहून काढा. त्यावर नंतर कोणी टीका किंवा दुरुस्ती छापली आहे का, हे मॅथसायनेट किंवा झेडबीमॅथ या गणिती निबंधांच्या सूचींवर शोधा. झेडबीमॅथ २०२१ पासून सर्वांना मोफत खुले आहे. आणि चूक सापडली तर आधी मूळ लेखकाला सभ्यपणे लिहा, मग निबंध लिहा. असा निबंध लिहिताना मूळ विधान जसेच्या तसे द्या, शक्य तितके लहान प्रतिउदाहरण द्या, मूळ निबंधातले काय शिल्लक राहते ते सांगा आणि जमले तर दुरुस्ती सुचवा. अशा चार पानांनी विषयावर जे उपकार होतात, ते घाईत छापलेल्या दहा निबंधांनी होत नाहीत.

पुढील लेखांकात : पैसे घेऊन चार दिवसांत निबंध छापणारी नियतकालिके कशी ओळखावीत.