सरावाची जमीन आणि नागरिकांची वाट

लष्कराला सरावासाठी मोकळी जमीन हवी, ही मागणी ज्यांना अवास्तव वाटते त्यांनी सैन्याच्या कामाचा नीट विचार केलेला नाही, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. तोफ डागल्यावाचून गोलंदाज तयार होत नाही आणि नदीवर पूल टाकल्यावाचून पूल टाकणारा सॅपर तयार होत नाही. ही विद्या पुस्तकांतून यावयाची नाही. तेव्हा लष्कराला जमीन मिळालीच पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. वाद आहे तो निराळाच. ही जमीन कोणाची, ती कोणत्या रीतीने घ्यावयाची, आणि तिच्या कडेला राहणाऱ्या माणसाने आपले दिवस कसे काढावयाचे, याचे धड उत्तर आजवर कोणी दिलेले नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या टापूत तर हा प्रश्न आता दारात येऊन उभा आहे.

लष्कर या भागात आगंतुक म्हणून आलेले नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा. लष्करी अभियांत्रिकीचे विद्यालय १९४८ साली रुरकीहून दापोडीस आले, तेव्हा पिंपरी आणि चिंचवड ही नदीकाठची गावे होती. कारखानदारी आली ती त्यानंतर. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ साली महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत जी वस्ती सव्वापाच लाखांच्या आत होती, ती २०११ मध्ये सव्वासतरा लाखांच्या वर गेली. एके काळी माळरानाच्या मध्यावर असलेल्या छावण्या आज शहराच्या पोटात आल्या आहेत. यात लष्कराचा दोष नाही आणि पोटासाठी येथे आलेल्या कामगाराचाही नाही.

इकडे शहर वाढत असताना तिकडे लष्कराची गरजही वाढत गेली. दुसऱ्या महायुद्धात नावाजलेली पंचवीस पौंडी तोफ सुमारे बारा किलोमीटर मारा करीत असे. पिंपरीहून डागलेला तिचा गोळा देहूच्या आसपास पडला असता. पाषाणच्या संशोधन संस्थेने रचना केलेल्या नव्या ओढ-तोफेने २०१७ च्या चाचणीत अठ्ठेचाळीस किलोमीटरचा पल्ला गाठला. म्हणजे तोच गोळा लोणावळा ओलांडून गेला असता! अशा ३०७ तोफांचा करार मार्च २०२५ मध्ये झाला आणि त्या बनविणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एक पुण्याचीच आहे. आमच्या कारखान्यांत घडणाऱ्या तोफेला आमच्या जिल्ह्यात डागावयास जागा नाही, अशी ही विचित्र अवस्था आहे. त्यातच मित्रराष्ट्रांच्या सैन्यांबरोबरचे संयुक्त सराव वाढले आहेत. मार्च २०१६ मध्ये औंधच्या लष्करी तळावर अठरा राष्ट्रांच्या तुकड्यांनी एकत्र सराव केला होता. असे सराव पुढे कमी होतील, असे समजण्यास आधार नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. बोपखेल हे महापालिकेच्या हद्दीतील गाव. त्याची दापोडीकडे जाणारी रोजची वाट लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारातून होती. ती वाट सार्वजनिक असल्याचा गावकऱ्यांचा दावा न्यायालयात टिकला नाही आणि मे २०१५ मध्ये ती बंद झाली. दुसऱ्या दिवसापासून शाळेतील मुलांना, कामगारांना आणि दवाखान्यात जाणाऱ्या रुग्णांना दिघीकडून सुमारे पंधरा किलोमीटरांचा वळसा घालणे भाग पडले. लोक रस्त्यावर आले, दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. मग मुळा नदीवर पूल बांधून खडकीकडे वाट काढावी असे ठरले. पण त्या पुलाच्या पलीकडच्या टोकाला पुन्हा संरक्षण खात्याचीच जमीन! परवानग्या, मोबदला आणि पत्रव्यवहार यांत वर्षांमागून वर्षे गेली.

महाविद्यालयाने आवार बंद केले यात कायद्याने गैर काही नव्हते, आणि लष्करी दृष्टीनेही ते समजण्याजोगे होते. डिसेंबर २०१९ मध्ये याच आवारात पूल उभारण्याचा सराव चालू असताना मनोरा कोसळून दोन जवान प्राणास मुकले. असे काम जेथे चालते तेथून शाळेच्या मुलांनी ये-जा करावी, असे कोणता शहाणा मनुष्य म्हणेल? परंतु जी वाट आज ना उद्या बंद होणार हे ठाऊक होते, तिला पर्याय आधीच का उभारला गेला नाही? या प्रश्नाचे उत्तर लष्कर, राज्य सरकार आणि महापालिका या तिघांनीही द्यावयास हवे.

देहूरोडच्या दारूगोळा भांडाराभोवतीची कहाणी याहून मोठी आहे. १९०३ च्या संरक्षण बांधकाम कायद्यान्वये तेथे २००० यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे १.८ किलोमीटरपर्यंत, बांधकामास मनाई आहे. लोकांच्या तोंडी तिचे नाव ‘रेड झोन’. ही मनाई लहर म्हणून लादलेली नाही. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या भांडारात जो स्फोट झाला, त्यात पंधराहून अधिक माणसे दगावली. हे ज्यांना आठवते ते अंतराची थट्टा करणार नाहीत. पण तळवडे, किवळे, निगडी या बाजूंना ज्या कष्टकऱ्यांनी गुंठा-अर्धा गुंठा विकत घेऊन घर बांधले, त्यांना तो गुंठा विकणाऱ्याने ही मनाई सांगितली नाही आणि ज्यांचे सांगण्याचे काम होते त्या अधिकाऱ्यांनी डोळ्यांवर कातडे ओढून घेतले. ज्या कायद्यात मनाई आहे त्याच कायद्यात नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. एक कलम तत्परतेने लावावयाचे आणि दुसरे कपाटात ठेवावयाचे, याला आम्ही न्याय म्हणू शकत नाही.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात तर खुद्द सरावाच्याच जमिनीचा प्रश्न आहे. तेथील चिलखती दलाच्या शिक्षण केंद्रासाठी के. के. रेंज हे मैदान आहे. त्याच्या भोवतालच्या राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतील गावांवर विस्ताराची टांगती तलवार आहे. यांतील कित्येक कुटुंबांची जमीन पूर्वी मुळा धरणात आणि कृषी विद्यापीठासाठी गेलेली. तिसऱ्यांदा उठावे लागेल या भीतीने ती हवालदिल झाली. २०२० साली हा विषय शरद पवार यांनी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्यापुढे मांडला. १९३८ च्या कायद्याने अशा अधिसूचित क्षेत्रात जमिनीची मालकी शेतकऱ्याचीच राहते, सरावापुरती ती मोकळी करावयाची आणि नुकसान झाल्यास भरपाई द्यावयाची, असे आहे. तथापि ज्या शिवारावर उद्या काय होणार हे कोणालाच सांगता येत नाही, तेथे विहीर कोण खणील आणि फळबाग कोण लावील? अनिश्चितता लांबत गेली की विरोध कसा कडवा होतो, हे झारखंडमधील नेतरहाटने दाखवून दिले. तेथे १९९० नंतर सुरू झालेले आंदोलन तीन दशके टिकले, आणि २०२२ साली त्या राज्याने सरावक्षेत्राला मुदतवाढ नाकारली. म्हणजे शेवटी सैन्यही जमिनीस मुकले.

म्हणून आमचे म्हणणे असे की, नव्या एकराची मागणी करण्यापूर्वी संरक्षण खात्याने असलेल्या जमिनीचा हिशेब द्यावा. जानेवारी २०२२ मध्ये मोजणी पूर्ण झाल्याचे त्या खात्यानेच सांगितले, देशभरात १७.७८ लाख एकर! त्यातील पुणे जिल्ह्यातील जमीन किती, सरावाखाली किती आणि पडून किती, हे गुप्ततेस बाध न आणता सांगता येण्याजोगे आहे. पडीक तुकडे देऊन सलग मैदान मिळविण्याचा मार्ग त्यातूनच निघेल. दुसरे असे की, पर्यायी रस्ता खुला झाल्यावाचून जुनी वाट बंद होऊ नये. तिसरे, निर्बंधाची अधिसूचना निघेल त्याच वेळी भरपाईची मुदतही जाहीर व्हावी. आणि चौथे, महापालिकेने व महसूल खात्याने मनाईच्या सीमेवर दगड रोवावेत, सातबाऱ्यावर तशी नोंद करावी आणि त्या आतील नवे बांधकाम पहिल्याच विटेला थांबवावे. घर उभे राहू द्यावयाचे, कर घ्यावयाचा आणि मग ते बेकायदा म्हणून नोटीस द्यावयाची, हा खेळ आता पुरे झाला.

या चारही गोष्टींना नवा कायदा लागत नाही. लागते ती लष्करी अधिकारी, जिल्हाधिकारी आणि आयुक्त यांनी एका मेजाभोवती बसून तारखा ठरविण्याची तयारी. सीमेवर उभ्या असलेल्या जवानांत याच मावळातील आणि खेड तालुक्यातील शेतकऱ्यांची मुले आहेत. त्यांच्या शिक्षणासाठी घेतलेल्या जमिनीचा मोबदला त्यांच्या आईबापांस वेळेवर मिळावा, ही मागणी लष्करविरोधी कशी ठरते, हे कोणी आम्हांस समजावून सांगेल काय? राज्य सरकारने ही बैठक या वर्षातच बोलवावी आणि तिचे निर्णय प्रसिद्ध करावेत, अशी आमची मागणी आहे.