केबलची वायर कोणाची, गिऱ्हाईक कोणाचे?

नालासोपारा किंवा विरार स्टेशनबाहेर पडून कोणत्याही जुन्या गल्लीत मान वर केली की एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर गेलेल्या काळ्या वायरींचे जाळे दिसते. त्यातल्या बऱ्याच वायरी आता मेलेल्या आहेत. काहींतून अजून चित्र जाते, तर काहींच्या जोडीला इंटरनेटची बारीक वायर आलेली आहे. या वायरींच्या मागे केवढा मोठा कारोबार उभा राहिला, त्यात पैसा कोणी घातला आणि शेवटी तो कोणाच्या हातात गेला, हे कोणताही धंदा करणाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे. उदाहरण म्हणून मुंबईची हॅथवे केबल अँड डेटाकॉम ही कंपनी घेऊ, कारण तिच्या हिशोबात या सगळ्या धंद्याचा हिशोब येतो.

वाचकांना आठवत असेल, सुरुवातीला केबल म्हणजे इमारतीत कोणाच्या तरी घरी ठेवलेला व्हीसीआर आणि तिथून घरोघर सोडलेली वायर. रात्री एक पिक्चर, रविवारी दोन. १९९१ च्या आखाती युद्धात परदेशी वाहिनीने लढाई थेट दाखवली, त्याच वर्षी स्टार आले आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला. मग व्हीसीआरच्या जागी गच्चीवर डिश बसली. एक डिश, काही अँप्लिफायर, वायरची भेंडोळी आणि शिडीवर चढणारी दोन पोरे, एवढ्या भांडवलावर धंदा उभा राहत होता. आपल्याकडे नव्या इमारतीत टँकरच्या पाण्यावर दिवस निघत होते, पण केबलवाला पहिल्याच आठवड्यात दार ठोठावून जात असे. कायदा नंतर आला. १९९५ च्या केबल टेलिव्हिजन कायद्यानंतर मुख्य टपाल कचेरीत नोंदणी करावी लागू लागली.

वाहिन्या वाढल्या तशी या छोट्या माणसाची अडचण झाली. वेगवेगळ्या उपग्रहांसाठी वेगळ्या डिश, प्रत्येक पैशाच्या वाहिनीसाठी वेगळा डिकोडर आणि वेगळा करार. एवढा खर्च शंभर-दोनशे घरांच्या वर्गणीतून निघेना. इथे मोठ्या कंपन्या शिरल्या. झीच्या एस्सेल समूहाची सिटी केबल आली, हिंदुजांची इनकेबल १९९५ मध्ये, आणि राजन रहेजा समूहाची हॅथवे. या कंपन्यांनी एका जागी मोठे नियंत्रण केंद्र उभारले, सगळ्या वाहिन्या तिथे घेतल्या आणि तयार माल एका वायरीतून गल्लीतल्या केबलवाल्याला दिला. कापडाच्या भाषेत सांगायचे तर वाहिनी ही गिरणी, कंपनी ही ठोक व्यापारी आणि केबलवाला हा गल्लीतला दुकानदार.

पण कापडात आणि केबलमध्ये एक मोठा फरक आहे आणि सगळे दुखणे त्यातच आहे. आमच्या गोदामातून शंभर थान गेले तर चलनावर शंभरच लिहिले जातात. दुकानदाराने ते कोणाला विकले हे मला माहीत नसले तरी किती नेले हे माहीत असते. केबलची वायर एकदा केबलवाल्याच्या हातात दिली की तो ती दोनशे घरांना जोडतो की हजार, हे मोजण्याचे साधनच नव्हते. समजा त्याची घरे हजार आहेत, तर कंपनीला तो दोनशे सांगणार. कंपनी वाहिन्यांना त्याहून कमी सांगणार. राज्य सरकारचा करमणूक कर जोडणीमागे होता, तोही सांगितलेल्याच आकड्यावर भरला जाई. पैसा गिऱ्हाइकाच्या खिशातून पुरेपूर निघत होता, पण वर जाता जाता आटत होता. गिऱ्हाईक, त्याचे नाव, त्याची उधारी आणि त्याची तक्रार, हे सगळे केबलवाल्याच्या वहीत होते. कंपनीच्या वहीत फक्त केबलवाल्याचे नाव.

मग कंपनी जगली कशावर? याचे उत्तर बऱ्याच जणांना चमत्कारिक वाटेल. जुन्या पद्धतीच्या वायरीत साधारण ऐंशी ते शंभरच वाहिन्या मावत आणि जुन्या टीव्ही संचावर त्यातल्या पहिल्या काहीच स्वच्छ दिसत. वाहिन्या मात्र शेकड्यांनी निघाल्या. तेव्हा आपली वाहिनी पुढच्या नंबरावर लावावी म्हणून वाहिनीवालेच केबल कंपनीला पैसे देऊ लागले. दर्शनी कपाटात आपला माल मांडावा म्हणून गिरणीने दुकानदाराला भाडे द्यावे, तसा हा प्रकार. कित्येक वर्षे हॅथवेसारख्या कंपन्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग हे भाडेच होते. गिऱ्हाइकाकडून येणारे पैसे वाटेत गळत होते म्हणून पुरवठादाराकडून घ्यायचे. धंदा चालला, पण त्याचा पाया उलटा होता.

वाढण्याचा मार्गही निराळा होता. नवी वायर टाकण्यापेक्षा गावोगावच्या मोठ्या केबलवाल्यांच्या जाळ्यात भागीदारी घेणे स्वस्त पडे. पन्नास-एक्कावन टक्के कंपनीचे, बाकी जुन्या मालकाचे. गुजरातमधल्या जीटीपीएलमध्ये हॅथवेने अशीच निम्मी भागीदारी घेतली. ती कंपनी एवढी वाढली की २०१७ मध्ये तिचे शेअर स्वतंत्रपणे बाजारात आले. २००० साली स्टारने हॅथवेत २६ टक्के हिस्सा घेतला. फेब्रुवारी २०१० मध्ये हॅथवेने प्रत्येकी २४० रुपयांना लोकांना शेअर विकले.

सरकारने मोजणीचा प्रयत्न आधीही केला होता. २००७ च्या सुरुवातीपासून मुंबईच्या काही भागांत पेटी सक्तीची झाली, पैशाच्या वाहिनीला ५ रुपये आणि फुकट वाहिन्यांच्या संचाला ७७ रुपये अशी मर्यादा घातली गेली, पण ते प्रकरण तेवढ्या भागापुरतेच राहिले. खरा बदल २०११ च्या कायदा-दुरुस्तीने झाला. मुंबईसह चार महानगरांत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर पेटीशिवाय चित्र बंद, मग टप्प्याटप्प्याने बाकीची शहरे आणि शेवटी ३१ मार्च २०१७ पर्यंत सगळा देश. आता प्रत्येक घरात नंबर असलेली पेटी बसली आणि कंपनीला आपल्या कचेरीत बसून घरे मोजता येऊ लागली.

पण या मोजणीची किंमत कोणी दिली? कंपनीने. पेटीची पूर्ण किंमत गिऱ्हाईक देईना, कारण त्याच्या दृष्टीने चित्र आधीही येतच होते. शिवाय डिशवाल्या कंपन्या दारात उभ्या होत्या. तेव्हा पेटी पडत्या भावात द्यावी लागली आणि वरची रक्कम कर्जाने उभी केली गेली. बराचसा माल परदेशातून डॉलरमध्ये येणारा, आणि २०१३ मध्ये रुपया घसरला. लाखो पेट्या वाटल्यावर हा बोजा केवढा होतो याचा हिशोब व्यापाऱ्याला समजावून सांगायला नको.

एवढे करून वसुली पुन्हा केबलवाल्याच्याच हातात. कंपनीने पैशासाठी तगादा लावला, तर तो सरळ दुसऱ्या कंपनीशी बोलणी करी. एका रात्रीत गल्लीतल्या पेट्या बदलल्या जात आणि पहिल्या कंपनीचे भांडवल लोकांच्या माळ्यावर धूळ खात पडे. गिऱ्हाइकाला त्याचे काही वाटत नसे. त्याच्या लेखी केबल म्हणजे रात्री दहा वाजता फोन केल्यावर येणारा मुलगा. पेटीवर कोणाचे नाव आहे हे त्याने कधी वाचलेही नाही. केबलवाल्याला लबाड म्हणणे सोपे आहे, पण वायर त्याने टाकली, पावसात दुरुस्त त्याने केली आणि सोसायटीच्या सेक्रेटरीची बोलणी त्याने खाल्ली, हेही मांडले पाहिजे.

वाटणीचा वाद मिटावा म्हणून नियामक संस्था ट्रायने दर ठरवून दिले. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी पद्धत आली. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि पैशाच्या वाहिन्यांची किंमत वेगळी. आपसात वेगळा करार नसेल तर १३० रुपयांपैकी ५५ टक्के कंपनीचे, ४५ टक्के केबलवाल्याचे, म्हणजे अनुक्रमे ७१ रुपये ५० पैसे आणि ५८ रुपये ५० पैसे. १९ रुपयांच्या वाहिनीतले १५ रुपये २० पैसे वाहिनीला, उरलेले ३ रुपये ८० पैसे कंपनी आणि केबलवाला यांच्यात. कागदावर हिशोब स्वच्छ झाला. पण पूर्वी तीनशे रुपयांतले बहुतेक स्वतःकडे ठेवणाऱ्याला आता किती उरते ते वाचकांनीच पाहावे. त्यात अनेक घरांचे बिल वाढले आणि लोकांनी केबल सोडायला निमित्त मिळाले.

निमित्ताची वाटच पाहिली जात होती. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि मोबाईलचा डेटा स्वस्त झाला. सरकारच्या फ्री डिशला महिन्याचे पैसेच नाहीत. २०१८ मध्ये देशात पैसे देऊन टीव्ही पाहणारी सुमारे १५ कोटी १० लाख घरे होती, ती २०२४ पर्यंत सुमारे ११ कोटी १० लाखांवर आली. सहा वर्षांत चार कोटी गिऱ्हाईक गेले. त्यांच्या मागे वसुली करणारे, शिडी लावणारे, वायर ओढणारे हजारो रोजगार गेले.

याच काळात, ऑक्टोबर २०१८ मध्ये, रिलायन्सने हॅथवेत २,९४० कोटी रुपये घालून ५१.३ टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले आणि सोबत डेन ही दुसरी मोठी केबल कंपनीही घेतली. हॅथवेच्या शेअरचा भाव पडला ३२ रुपये ३५ पैसे. मध्यंतरी एका शेअरचे पाच झाले होते, तेव्हा २०१० चे २४० रुपये म्हणजे ४८ रुपये धरावे लागतात. आठ वर्षे थांबलेल्या भागधारकाला या भावाने तोटाच दिसला.

मग उतरत्या धंद्यात एवढी रक्कम कोणी का घालील? रिलायन्सने स्वतःच सांगितले होते की दोन्ही कंपन्यांशी जोडलेले २७,००० केबलवाले आहेत आणि त्यांच्यामार्फत ७५० शहरांतली २ कोटी ४० लाख घरे. विकत घेतला तो घरात शिरण्याचा रस्ता. ५ सप्टेंबर २०१९ ला जिओफायबर सुरू झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टारच्या वाहिन्याही रिलायन्सच्या जोडीने एका छत्राखाली आल्या. गिरणी, ठोक व्यापारी आणि फायबरमध्ये तर थेट घरापर्यंतचे दुकानही एकाच घराण्याकडे. आपल्या कापड बाजारात असे झाले असते तर भिवंडीपासून विरारपर्यंत एकच ओरड उठली असती.

वसई-विरारमध्ये याचा परिणाम दोन तऱ्हेने दिसतो. २००९ मध्ये महापालिका झाली, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली आणि त्यानंतर उंच इमारतींची रीघ लागली. नव्या इमारतीत वायरीचा मार्ग बांधकामातच ठेवलेला असतो आणि तिथे कोण येणार हे आधीच बिल्डरशी ठरते. गल्लीतल्या केबलवाल्याला तिथे जागा कमी. जुन्या चार मजली इमारतींत मात्र तो अजून आहे, आणि ज्याने वेळीच इंटरनेटची जोडणी द्यायला घेतली त्याचा धंदा बरा चालला आहे. ज्याने फक्त चित्रावर भरवसा ठेवला त्याची वही दर महिन्याला पातळ होते.

धंद्यात असलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. टपाल कचेरीतली नोंदणी आता बंद झाली आहे. १७ जानेवारी २०२५ च्या नव्या नियमांनुसार केबलवाल्याची नोंदणी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ऑनलाइन होते. तिची फी ५,००० रुपये आहे आणि मुदत पाच वर्षांची. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान नव्वद दिवस आधी करावा लागतो. जुना दाखला हातात असेल तर त्यावरची तारीख आजच पाहून घ्यावी.