खिडकीबाहेरचा ठेका

डेक्कन क्वीनच्या खिडकीशी बसून कानात गाणं लावलं की कधीतरी एक गंमत घडते. विजेचा खांब नेमका तबल्याच्या थापेवर समोरून जातो. पुढचाही. तिसरा चुकतो आणि मजा संपते.

फ्रेंच दिग्दर्शक मिशेल गोंद्री याने तिसरा खांब चुकू दिला नाही. पुढे जवळजवळ चार मिनिटं एकही नाही.

'केमिकल ब्रदर्स' या इंग्लंडच्या जोडीच्या 'स्टार गिटार' या गाण्याचा हा २००२चा व्हिडिओ. त्यात गायक नाही, नाच नाही, गोष्ट नाही. धावत्या गाडीतून दिसणारा फ्रान्सचा मुलूख, बस. पहिल्यांदा पाहताना मी वैतागलोच होतो. मग लक्षात आलं, की एक इमारत येतेय ती ठोक्यावर. ठोका पुन्हा आला, तशीच इमारत पुन्हा आली! गाण्यात नवं वाद्य शिरलं की बाहेर नवी वस्तू शिरते. वाद्य थांबलं की ती वस्तूही नाहीशी. अख्खा मुलूख ठेका धरून बसलेला.

हे केलं कसं? गोंद्रीने आधी गाणं आलेखाच्या कागदावर मांडलं. भातखंड्यांच्या स्वरलिपीत मात्रांचे रकाने पाडतात, काहीसं तसंच. मग संत्री, काटेचमचे, पुस्तकं, पेले यांच्या रांगा लावून कुठल्या आवाजाला कुठली वस्तू ते ठरवलं. नीम ते व्हालाँस हा रेल्वेमार्ग दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी सुमारे दहा वेळा टिपला, म्हणजे उजेडाच्या हव्या तेवढ्या छटा हाताशी राहिल्या. त्यानंतर संगणकावर इमारती उचलून ज्या त्या मात्रेवर बसवल्या. गोंद्री मूळचा ड्रमवादक, हे कळलं की हा हट्ट कुठून आला ते समजतं.

रेल्वेची निवडही काही उगाच नाही. रुळाजवळचा खांब झपकन जातो, लांबचा डोंगर रेंगाळतो. संगीतातही ठोका क्षणात विरतो आणि लांबवलेला स्वर मागे तरळत राहतो. खिडकीत हे थर आयतेच होते.

आणि आपले डोळे कानाचं किती ऐकतात! पडद्यावर प्रकाश एकदाच चमकवला, पण त्याच वेळी पाठोपाठ दोन 'बीप' ऐकवले, तर पुष्कळांना तो दोनदा चमकलेला दिसतो. प्रयोगशाळेत हे पडताळलेलं आहे. कान डोळ्यांना असा हुकूम सोडत असेल, तर गाण्यात पाऊस आला की पडद्यावर पाऊस पाडायचा, ही आपल्याकडची सवय फारच आळशी वाटायला लागते. शब्द तर ऐकू आलेच होते. 'स्टार गिटार' ऐकू येऊनही निसटलेलं दाखवतो: पहिल्या थराखालचा दुसरा थर, त्याखालचा तिसरा. व्हिडिओ पाहून झाल्यावर नुसतं गाणं ऐकलं, तरी ते थर आता सुटे सुटे ऐकू येतात.

जाता जाता एक धागा आपल्याकडचाही. गोंद्रीचे आजोबा कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७च्या सुमारास क्लॅव्हिओलिन हे विजेवर चालणारं वाद्य बनवलं. १९५४च्या 'नागिन' या हिंदी चित्रपटातली बीन ऐकून थिएटरात लोक डोलले, ती पुंगी नव्हती. संगीतकार कल्याणजींनी वाजवलेलं क्लॅव्हिओलिन होतं ते, जोडीला संगीतकार रवींची हार्मोनियम. आजोबांच्या यंत्राने आपल्या कानांना न दिसणारा गारुडी दाखवला. नातवाने डोळ्यांना ठेका ऐकवला.

परवा पुन्हा पुणे-मुंबई केलं. लोणावळा मागे पडलं, तरी खांबांचा ताल काही जुळेना. खंडाळ्याचा बोगदा येईपर्यंत मी मनातल्या मनात एकेक खांब उचलून मात्रेवर सरकवत बसलो होतो.