काचेतून घरी आलेलं बाळ

मराठवाड्यात अजूनही ‘बाळाला काचेत ठेवलंय’ असंच म्हणतात. काच म्हणजे एसएनसीयू, नवजातांचा अतिदक्षता कक्ष. बाळ तिथून घरी आलं की पेढे वाटले जातात, फाईल पत्र्याच्या पेटीत जाते आणि फॉलोअपची तारीखही तिच्यासोबत पेटीत बंद होते.

जन्मताच न रडलेलं, झटके आलेलं किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ दोन महिन्यांचं झालं की चारचौघांसारखंच दिसतं. मेंदूला लागलेला मार हातापायांत दिसायला वेळ लागतो. तो आधी ओळखण्याची तपासणी मात्र साधी आहे. बाळ पोट भरलेलं, जागं आणि न रडणारं हवं. सगळ्यात अवघड अट हीच! त्याला उताणं ठेवून, पाय सरळ धरून, हळूच फाकवतात. मांड्यांमधला कोन पहिल्या तीन महिन्यांत साधारण ४० ते ८० अंश असतो, वर्षाच्या सुमारास १३० ते १५०. तो वाढत नसेल तर स्नायू ताठर असल्याची शंका येते. मग दोन्ही हात धरून बाळाला उठतं करायचं आणि मान किती मागे राहते ते पाहायचं. तिसऱ्या महिन्याच्या आसपास स्वस्थ पडलेल्या बाळाच्या मानेत, मनगटांत, घोट्यांत सतत बारीक वळवळ असते. ती नसेल तर सेरेब्रल पाल्सीचा धोका मोठा, हे मेंदूविकासाचे संशोधक हाइन्झ प्रेख्टल यांच्या कामातून पुढे आलं.

डोळ्यांना तर एवढीही सवड नाही. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोंहून हलक्या बाळाचा डोळ्याचा पडदा चार आठवड्यांच्या आत तपासायचा असतो. फार लवकर जन्मलेल्यांचा त्याहून आधी. डोळे वरून छान दिसतात, म्हणूनच घरचे फसतात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेली, दोन किलोंहून कमी वजनाची मुलं अठराव्या वर्षापर्यंत तपासली. बाराव्या वर्षी त्यांतली बरीच मुलं शाळेत जात होती, पण गणितात आणि लिहिण्यात अडखळत होती. शाळेत अशाच मुलाला आपण आळशी म्हणतो.

सरकारी चौकट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला सुरू झाला. अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी, म्हणजे लवकर निदान-उपचारांचं केंद्र, ही त्यातलीच कल्पना. आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यातही. पण पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळ तुळजापूर तालुक्यातल्या आशाच्या वहीत आणि सव्वा महिन्यानंतर परंड्याला सासरी! त्यात आजीचं म्हणणं, ‘ह्याचा बा बी उशिरानंच चालला.’

वयाचा हिशेबही नीट मांडावा लागतो. दोन महिने आधी आलेल्या बाळाचे कागदावरचे पाच महिने तपासणीत तीनच धरायचे. म्हणजे जुलैत असं आधी जन्मलेल्या बाळाची मानेची, मनगटांची ती बारीक वळवळ पाहायची वेळ डिसेंबरात येते. तोवर भूम-वाशीकडच्या ऊसतोड टोळ्या फडात पोचलेल्या असतात आणि बाळ तिथल्या झोपडीत, कोपीत. म्हणून माझ्या मते डिस्चार्ज कार्डावर सासर-माहेरच्या पत्त्याखाली आणखी एक ओळ हवी: साखर कारखान्याचं नाव आणि मुकादमाचा मोबाईल नंबर.