कार्डाआधी पॉवर सप्लाय

महाड-पोलादपुरात डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड बसवायचे ठरले की पहिली चौकशी किमतीची होते. माझ्या मते ती पॉवर सप्लायची व्हायला हवी. मदरबोर्डवरचा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट देतो. त्यापुढची गरज वेगळ्या केबलने भागते, आणि आठ पिनांची अशी एक केबल 150 वॅटसाठी असते. ऑफिसकामासाठी घेतलेल्या जुन्या संगणकात पुष्कळदा ती केबलच नसते, मग ॲडॉप्टर लावून वेळ मारून नेली जाते. पंखा फिरतो, चित्र दिसते, पण व्हिडिओ एडिटिंगचा ताण येताच संगणक बंद पडतो आणि दोष कार्डाला लागतो.

कोणी म्हणेल, हे दुकानदार बघून घेईल. बसवणे खरेच थोडक्यात होते: प्लग काढून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते, मागची पट्टी काढून कार्ड सरळ दाबायचे, खिट्टी ‘टक्’ वाजली की स्क्रू आवळायचा. मॉनिटरची केबल मात्र आता कार्डालाच जोडायची. पण घरातले अर्थिंग, भिंतीची ओल, कॅबिनेटची जागा दुकानदाराला दिसत नाही. जुलै 2021 मध्ये सावित्रीचे पाणी महाडच्या घरादुकानांत शिरले, हे इथे कुणाला सांगायला नको. म्हणून कार्ड घेण्याआधी अर्थिंग तपासून घ्या, आणि कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका.