विश्लेषण : ब्रिटनमधल्या रोबोंच्या चित्रकथा पुन्हा छापल्या जातात, मग मराठी चित्रकथा कुठे अडतात?

नवी पेठ, सोलापूर : यंत्रमाग म्हणजे काय, हे सोलापूरकराला समजावून सांगावे लागत नाही. यंत्रमानव मात्र इथल्या बहुतेकांना पहिल्यांदा भेटला तो पडद्यावर. ब्रिटनमधल्या मुलांना तो दर आठवड्याला, स्वस्त कागदावर छापलेल्या चित्रकथांच्या अंकात भेटत होता. वाचून झाले की अंक रद्दीत जात असे. त्याच रद्दीतल्या गोष्टी आता जाडजूड संग्रहांच्या रूपाने पुन्हा विकल्या जात आहेत. हे कसे जमले, आणि मराठीत असे संग्रह इतके कमी का?

हे रोबो कोण?

सर्वात जुन्यांपैकी एक म्हणजे रोबो आर्ची. ‘लायन’ या साप्ताहिकाचा पहिला अंक २३ फेब्रुवारी १९५२ रोजी निघाला आणि त्यातच ‘द जंगल रोबो’ ही मालिका सुरू झाली. काही महिन्यांत ती थांबली. १९५७ मध्ये ती परतली आणि ‘लायन’ १९७४ मध्ये दुसऱ्या साप्ताहिकात विलीन होईपर्यंत गाजत राहिली. लेखक होते ई. जॉर्ज कोवन, तर चित्रे दीर्घकाळ टेड किअरन यांची होती.

सुरुवातीचा आर्ची दूरनियंत्रकावर चालणारे मुके यंत्र होता. टेड आणि केन हे दोन तरुण त्याला चालवत. पुढे त्याला आवाज मिळाला आणि आवाजाबरोबर स्वभावही आला. हा स्वभाव चांगलाच बढाईखोर होता. नंतर तो काळप्रवासालाही निघाला. त्याचे यान किल्ल्याच्या बुरुजासारखे होते, म्हणजे विलायती बुद्धिबळाच्या पटावर आपण ज्याला हत्ती म्हणतो, त्या सोंगटीच्या आकाराचे.

दुसरी पिढी १९७०च्या दशकातली. ‘२००० एडी’ हे साप्ताहिक फेब्रुवारी १९७७ मध्ये, तर ‘स्टारलॉर्ड’ मे १९७८ मध्ये सुरू झाले. ‘स्टारलॉर्ड’चा खप चांगला होता, पण चांगल्या कागदामुळे खर्चही जास्त होता. २२ अंकांनंतर ते ‘२००० एडी’त विलीन झाले. ‘रो-बस्टर्स’ आणि ‘रोबो-हंटर’ या दोन गाजलेल्या मालिका याच वर्षातल्या. त्यानंतर १९७९ मध्ये ‘एबीसी वॉरियर्स’ आली.

या गोष्टींत एवढे काय आहे?

‘रोबो’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून जगभर गेला. त्याचे मूळ ‘वेठबिगार’ या अर्थाच्या चेक शब्दात आहे. १९७०च्या दशकातल्या ब्रिटिश लेखकांनी हा अर्थ बरोबर पकडला.

पॅट मिल्स यांच्या ‘रो-बस्टर्स’मध्ये जुने, टाकाऊ ठरलेले रोबो अपघातांच्या जागी बचावकामाला पाठवले जातात. हॅमरस्टाइन हा युद्धातून निवृत्त झालेला सैनिकी रोबो, तर रो-जॉज हा गटारे साफ करणारा, तोंडाने फटकळ. त्यांचा मालक ‘मिस्टर टेन पर्सेंट’. त्याच्या शरीराचा दहा टक्केच भाग माणसाचा उरला आहे, तो म्हणजे मेंदू. बाकी सगळे यंत्र. माणुसकी कोणात जास्त, हे लहान वाचकालाही न सांगता कळते.

जॉन वॅग्नर आणि चित्रकार इयान गिब्सन यांच्या ‘रोबो-हंटर’मध्ये माणसांच्या वस्तीसाठी एक ग्रह तयार करायला रोबो पाठवले जातात. माणूस आपल्यापेक्षा श्रेष्ठ असतो, एवढे त्यांना शिकवलेले असते. प्रत्यक्षात माणसे येतात ती त्यांच्यापेक्षा कमकुवत आणि मंद. मग ही माणसे असूच शकत नाहीत, असा निष्कर्ष काढून रोबो त्यांना डांबून ठेवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेला दिलेली सूचना आणि तिने काढलेला अर्थ यांतल्या अंतराची चर्चा आज रोज होते. ही गोष्ट १९७८ सालची आहे.

रद्दीचा ग्रंथ कसा होतो?

साप्ताहिके ज्या कागदावर छापली जात, त्याच्या लगद्यात लाकडातले लिग्निन राहिलेले असते. प्रकाश आणि हवेमुळे ते पिवळे पडते. आम्लामुळे कागद ठिसूळ होतो आणि घडीवर तुटतो. मूळ चित्रे हाताशी असतील तर काम सोपे होते. पण त्या काळी ती चित्रकारांना सहसा परत मिळत नसत आणि अनेक हरवली. मग छापील अंक हाच एकमेव आधार उरतो.

अशा वेळी चांगल्या स्थितीतले अंक शोधून प्रत्येक पान स्कॅन केले जाते. कागदाचा पिवळेपणा काढावा लागतो, मागच्या पानाची उमटलेली शाई पुसावी लागते, तुटलेल्या रेषा सांधाव्या लागतात. एक अंक मिळाला नाही तर गोष्टीत खिंडार पडते. सलग कथा वाचताना यामागची मेहनत वाचकाच्या लक्षातही येत नाही. ‘रो-बस्टर्स : द कम्प्लीट नट्स अँड बोल्ट्स’ या २०१५ पासूनच्या संग्रहात ‘स्टारलॉर्ड’ आणि ‘२००० एडी’ अशा दोन साप्ताहिकांत विखुरलेली मालिका एकत्र आली.

मालकी एवढी महत्त्वाची का?

कागद सांधता येतो, पण हक्क कोणाचे हेच माहीत नसेल तर प्रकाशक हात लावत नाही. ब्रिटनमध्ये हा गुंता मोठा होता. ‘लायन’ची मूळ कंपनी विकली गेली, तिचे नाव बदलले, पुढे ती आयपीसी या मोठ्या समूहात गेली. १९८७ मध्ये हक्कांची वाटणी झाली. ढोबळमानाने १९७० नंतरची पात्रे नव्या मालकाकडे गेली, त्याआधीची आयपीसीकडेच राहिली. दोन्हीकडचा बराचसा खजिना वर्षानुवर्षे पडून होता.

तो सोडवला ऑक्सफर्डच्या रिबेलियन या व्हिडिओ गेम कंपनीने. जेसन आणि ख्रिस किंग्सली या भावांनी १९९२ मध्ये ती स्थापन केली. तिने २००० मध्ये ‘२००० एडी’ घेतले, २०१६ मध्ये १९७० नंतरचा साठा आणि २०१८ मध्ये त्याआधीचा. आर्चीही याच शेवटच्या खरेदीत आला. त्यामुळे तीन पिढ्यांचे बहुतेक रोबो एकाच छपराखाली आहेत. ‘ट्रेझरी ऑफ ब्रिटिश कॉमिक्स’ या नावाने जुन्या मालिकांचे संग्रह निघतात ते यामुळेच.

पण ज्यांनी काढले, त्यांना काय मिळाले?

या यशाची दुसरी बाजू इथे आहे. हक्क एकवटले ते लेखक-चित्रकारांकडून काढून घेतल्यामुळे. मानधन एकदाच मिळे आणि हक्क कंपनीचे होत. अंकात नावही छापले जात नसे. ‘२००० एडी’त ही प्रथा मोडली ती केव्हिन ओ’नील यांच्या पुढाकाराने. ते तिथे कला विभागात होते आणि पुढे ‘रो-बस्टर्स’चे चित्रकारही झाले. गंमत म्हणजे नावे छापली गेली ती ‘पटकथा रोबो’, ‘चित्र रोबो’, ‘अक्षर रोबो’ अशा बिरुदांसह. विनोद होता, पण वेठबिगारीचा मूळ अर्थ त्यात शाबूत होता. आजच्या संग्रहांच्या मुखपृष्ठावर तीच नावे ठळक असतात. चादरीवर कारखान्याचे नाव असते, विणकराचे नसते, हे पाहत आलेल्या शहराला यातला फरक कळेल.

भारतात काय झाले?

आर्ची तमिळमध्ये लोकप्रिय झाला. शिवकाशीच्या ‘लायन कॉमिक्स’ने त्याच्या कथा छापल्या. त्याआधी १९७२ मध्ये ‘मुत्तु कॉमिक्स’ची सुरुवातच ‘स्टील क्लॉ’ या ब्रिटिश मालिकेच्या तमिळ अवताराने झाली होती. मराठी मुलांपर्यंत पोहोचली ती मुख्यतः अमेरिकी पात्रे. टाइम्स समूहाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून (१९६४ ते १९९०) वेताळ आणि मँड्रेक घरोघरी गेले. मराठीतला रोबो भेटतो तो प्रामुख्याने अक्षरांत. जयंत नारळीकर यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी त्याचे ठळक उदाहरण.

मराठीत अडते कुठे?

वेताळाचेच पाहा. पात्र अमेरिकेतल्या किंग फीचर्सचे, अंक मुंबईच्या प्रकाशकाचा, मराठी मजकूर अनुवादकाचा. संग्रह काढायचा तर हे सगळे धागे जुळवावे लागतात.

अस्सल मराठी चित्रकथेत प्रश्न वेगळा आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नियतकालिकात नोकरी करणाऱ्याच्या कामावर मालकाचा हक्क फक्त नियतकालिकातल्या प्रकाशनापुरता असतो. पुस्तकासह बाकीचे हक्क निर्मात्याकडेच राहतात. ही तरतूद निर्मात्याच्या बाजूची आहे. पण चित्रकाराचे नावच छापलेले नसेल तर परवानगी मागायची कोणाकडे? हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात आणि लेखक-चित्रकार दोघे असतील तर दोघांच्या वारसांपर्यंत जावे लागते. ब्रिटनमध्ये निर्मात्याचा तोटा झाला आणि संग्रह निघाले. इथे कायदा निर्मात्याला जपतो, पण नोंदच नसल्याने काम पडून राहते.

मग मराठीत कोणालाच जमले नाही का?

जमले आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ २१ नोव्हेंबर १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागला आणि त्याची संग्रहरूपात पुस्तके निघाली. निर्माते कोण, हे पहिल्यापासून सर्वांना ठाऊक होते. दुसरे उदाहरण ‘किशोर’चे. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या या मासिकातील निवडक साहित्याचे खंड निघाले आणि जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला खुले झाले. तिथे मालक एकच आणि तोही सार्वजनिक. याउलट १९५२ पासून मराठीत येणारा ‘चांदोबा’ मालकी बदलल्यानंतर २०१३ च्या सुमारास बंद पडला.

घरात जुने अंक असतील तर?

* रद्दीत देण्याआधी अंकाचे नाव, महिना, वर्ष तपासा. लेखक-चित्रकारांची नावे असलेल्या पानाचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून ठेवा.
* फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद कागद खातो. लॅमिनेशनही नको.
* अंक आडवे, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा. ऊन आणि ओल दोन्ही टाळा.
* संपूर्ण अंकाची पीडीएफ समूहांवर फिरवणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. त्याऐवजी हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात अंक देता येतील का, याची चौकशी करा.

पुनर्मुद्रणासाठी सुस्थितीतला कागद, हक्कांची स्पष्टता आणि निर्मात्यांची नावे या तीन गोष्टी लागतात. हक्कांचा प्रश्न वकील आणि प्रकाशक कधी तरी सोडवतील. पण त्या दिवशी हातात एकही अंक आणि एकही नाव नसेल, तर पुन्हा छापण्यासारखे काही उरलेले नसेल.